अदर डे म्हणजे कुठला वार?

नाही, पण 'अदर' म्हणजे दुसरा, 'डे' म्हणजे दिवस, बरोबर ना? मग माझं चुकलं कुठे? तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही हं! चष्म्याचं दुकान आहे माझं, दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय?" विचारतो… मला आपलं सगळं आधीपासूनच स्पष्ट दिसतं!

तर आमची ही दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते, तिथे इंग्रजी लागतं म्हणून क्लास लावला, सोमवार-गुरुवार, झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला. लाव की! मी संशयी नाही. पण त्या सरांना केस किती असावेत? आमच्यासारख्या तिघांत वाटले तरी उरतील! आणि एका रविवारी ही फोनवर मैत्रिणीला, अशी लाजत, "द अदर डे सर टोल्ड मी, यू हॅव अ लव्हली लाफ!"

लव्हली लाफ! आता तुम्हीच बघा, क्लास सोमवारी, गुरुवारी. मग 'अदर डे' कुठला? क्लास नसतो तो! म्हणजे ही क्लास नसताना सरांना भेटते… आणि वर हसते! अहो, बावीस वर्षं संसार झाला, घरी ही हसत नाही, ह्या माणसाला हसू सापडलं कुठे? दोन दिवस नुसतं कॅलेंडर बघत होतो हो! पण संशय? छे!

मंगळवारी चार वाजता एका आजोबांना एकाच काचेचा चष्मा लावून बसवलं, "आलोच" म्हटलं, आणि धाडधाड जिना चढून क्लासचं दार ढकललं. आत बारा माणसं, ही नाहीच! सर म्हणतात, "या, या, नवीन अ‍ॅडमिशन?" आता काय सांगू, बायको शोधतोय? म्हटलं, "हो!" बसलो. पण राहवतंय कुठलं? केला हात वर. "सर, द अदर डे म्हणजे नक्की कुठला वार?"

अख्खा वर्ग खो खो! सर म्हणाले, "वार नाही हो, काका! आपण नाही का म्हणत, परवा अमका भेटला होता? चार दिवस झाले असतील, नाहीतर पंधरा. तसंच ते." काका म्हणाला मला!

घरी येऊन हिला सगळं सांगून टाकलं, तर ही जी हसायला लागली… ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! खोटं कशाला बोलू, लव्हलीच होतं हो. मी म्हटलं, "अगं, परवाच तर अशी हसली होतीस." डोळे पुसत म्हणते, "अहो, धाकटीनं तुमच्या टकलावर स्टिकर चिकटवलं होतं तेव्हा! कॉलेजात जाते ती आता." म्हणजे माझं 'परवा' दहा-बारा वर्षांपूर्वीचं निघालं हो!

मग काय, मंगळवार-शुक्रवार मीही क्लासला. आणि सोमवारी सर हिच्या बॅचला 'अदर डे' शिकवतात, उदाहरण कुणाचं? माझं! सगळ्यात जास्त कोण हसतं? ही! म्हणजे विनोद माझा, बायको माझी, आणि ते हसू ऐकायला सर! मी संशयी नाही हं, पण गेलो, म्हटलं, मला सोमवारच्या बॅचला टाका. तर केसांतून हात फिरवत म्हणतात, "इतक्यात नको, काका… तुमचा पाया कच्चा आहे."