क्रेटमधली वरची तारली

श्रीनिवासराव, वत्सलाक्कांचे विद्यार्थी, शेजारीपाजारी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे मासळीवाले भाऊबंद,

अरे, बसून घ्या. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. अंगाला वास येईल म्हणून मागे थांबला असाल तर या पुढे. ज्यांच्या शोकसभेला जमलोय त्यांनी आयुष्यभर हाच वास घेतला. आज इथे कुणी नाक धरणार नाही.

मी लिलावात बोलणारा माणूस. तिथे जरा अडखळलं तर माल दुसरा उचलतो, म्हणून मला थांबायची सवय नाही. आज मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वत्सलाक्का तारलीचा अभ्यास करायच्या. इथले लोक तिला बूताई म्हणतात, केरळवाले मत्ती. बंगळुराबाहेर बोम्मसंद्र्यात माझं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे एका सकाळी बाई रिक्षातून उतरल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, मला तारलीच्या शेपटीचे तुकडे हवेत."

मी म्हटलं, "अक्का, लोक मासा नेतात आणि शेपूट टाकतात. तुमचं उलटं कसं?"

"मासा तुम्ही ठेवा हो. मला त्याचं घराणं बघायचंय."

घराणं! मी वेंगुर्ल्याहून रिकाम्या हाताने आलेला माणूस. माझं घराणं कुणी विचारलं नव्हतं, आणि ही बाई तारलीचं विचारत होती. पण त्यांनी समजावून सांगितलं. मासे दिसायला सारखे असले तरी कुठले कुणात मिसळतात, कुणाची पिल्लं कुठे वाढतात, हे त्यांच्या जनुकांवरून कळतं. मी विचारलं, "मग त्यासाठी बंगळुरात कशाला? समुद्र कुठाय इथे?" तर म्हणाल्या, "एक नाही अण्णा, दोन आहेत. मंगळूरचा ट्रक तुमच्या मागच्या दाराने येतो, चेन्नईचा पुढच्या."

खरं होतं. इतकी वर्षं मी त्या दोन दारांच्या मध्ये बसलो होतो, पण असा विचार केला नव्हता.

मग दर आठवड्याला अक्का येऊ लागल्या. चिमटा, कात्री आणि इवल्या बाटल्या घेऊन. आमची पोरं त्यांना खुर्ची द्यायची, त्या क्रेटवर बसायच्या. घर पक्कं शाकाहारी. जयनगरातली जुनी मराठी मंडळी, चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. मी एकदा म्हटलं, "अक्का, एकदा खाऊन तरी बघा." तर म्हणाल्या, "कसं खाऊ? मला त्यांचे मामा, मावशा सगळे माहीत आहेत."

त्यांच्या तपासणीत निघालं की दोन्ही किनाऱ्यांची तारली एकच. म्हणजे इकडची संपली तर तिकडची येऊन भरून काढील. मासेमारीचे नियम सुचवणारी एक समिती होती. तिच्यापुढे हे मांडायचं ठरलं. अक्का खूष. मला पेढे आणून दिले.

त्याच आठवड्यात मी शेडमध्ये उभा होतो. माझे कान जरा लांबचं ऐकतात, धंद्यात तेच भांडवल. आमचा मंजू, मंगळूरच्या ट्रकवरचा हमाल, दुसऱ्याला कन्नडमध्ये म्हणाला, "मेले स्वल्प मद्रास हाकु." वर थोडी मद्रासची टाक.

आता हे आम्ही रोज ऐकतो. प्रवासात बर्फ वितळतो, मासळी खाली बसते, क्रेट अर्धवट दिसतं. गिऱ्हाइकाला शिगोशीग क्रेट लागतं. म्हणून जो माल हाताशी असेल तो वर टाकायचा. सगळा बाजार हेच करतो. पण त्या दिवशी मंजूच्या शेजारी अक्का बसल्या होत्या आणि चिमट्याने मासा उचलत होत्या. कुठून? वरून. मंगळूरच्या क्रेटमधून चेन्नईची तारली!

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, रडतात आता. दोन वर्षांची मेहनत, हो! मग हसायला लागल्या. "अण्णा, म्हणजे मी इतके दिवस मंगळूरकरांची टोपी तपासली? आणि टोपी चेन्नईची?"

त्यांचे एक सहकारी म्हणाले, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे? अक्का म्हणाल्या, "मला कळलं. सरी, ठीक आहे, संपलं." समितीसाठीचा अहवाल मागे घेतला. आणि साठीला आलेली ही बाई पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. यावेळी थेट जेट्टीवर, होडीतून उतरणाऱ्या जाळ्यापाशी.

तेव्हा खरं चित्र निघालं. घराणी दोन. एका किनाऱ्याची तारली संपली तर दुसरीकडून कुणी भरून काढायला येत नाही. ज्याने त्याने आपली पिल्लं जपायची.

मग अक्का आम्हा व्यापाऱ्यांकडे आल्या. "बारीक तारली घेऊ नका. तुम्ही घेत नाही म्हटल्यावर होडीवाले पकडणार नाहीत." आम्ही म्हटलं, आम्ही सोडली तर दुसरा घेईल. त्या म्हणाल्या, "म्हणून तर सगळ्यांना एकत्र बोलावलंय. दुसरा इथेच बसलाय. बघा त्याच्याकडे." आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि कबूल झालो. कागद नाही, सही नाही. आणि गेल्या हंगामात मंगळूरहून चांगली हातभर लांब... बरं बाबांनो, हसू नका, वीतभर लांब तारली आली.

आता खरं बोलतो. मघाशी बाहेर चहा घेताना माझ्या पाठीमागून आवाज आला, "आता अक्का नाहीत. बारीक माल घ्यायला हरकत काय?"

नाव सांगत नाही. आवाज ओळखला आहे.

त्याला माझं विचारणं एवढंच. अक्का कधी तुझ्या गोदामावर धाड घालायला आल्या होत्या का? दंड केला होता का? आपण ऐकलं, कारण स्वतःची चूक निघाल्यावर हसत हसत पुन्हा सुरुवात करणारं माणूस आपण दुसरं पाहिलं नव्हतं. परवा अक्का आजाराने गेल्या, त्याबरोबर ते पाहिलेलंही पुसलं गेलं काय?

श्रीनिवासराव, तुमच्या घरातलं माणूस गेलं. आमचं काय गेलं ते पुढच्या हंगामात ठरेल.

वत्सलाक्का, या अण्णाचा तुम्हाला नमस्कार.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांतता. फोन बंद करा असं मी म्हणणार नाही, हंगाम आहे, जेट्टीवरून फोन येणारच. आला आणि पलीकडच्याने बारीक तारली घेणार का विचारलं, तर शांतता खुशाल मोडा. मोठ्याने "नको" म्हणा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग फोन ठेवा आणि परत मान खाली घालून उभे राहा.