परीक्षकांच्या गालातली भिंत

मी लई उलट बोलते म्हणता ना, मग हे ऐकाच. औरंगाबादला कॉलेजात जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. आपल्याच गालाची आतली बाजू काडीनं खरवडायची, काचपट्टीवर घ्यायची अन् प्राण्याची पेशी दाखवायची. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या तोंडात पानाचा तोबरा. माझी काचपट्टी त्यांनी बघितलीसुद्धा नाय. मी काढलेल्या पेशीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "पुस्तकातून उतरवलंस. कुठली तू?"

"पाचोडची. मेंढरं हायत आमची."

"तरीच! थांब, मी दाखवतो. दिसेल तेच काढायचं."

त्यांनी पान एका गालात सारलं, दुसरा गाल खरवडला, काचपट्टीवर निळा रंग टाकला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकमेकाला चिकटलेले हिरवे चौकोन, प्रत्येकाला जाड भिंत. तसंच काढलं अन् खाली लिहिलं, 'वनस्पतीची पेशी'.

सर भडकले. "प्राण्याच्या पेशीला भिंत असते का? नुसतं पातळ पटल असतं! खोड, नाहीतर नापास करतो."

"करा नापास. दिसलं तेच काढलंय, खोडणार नाय. तुम्हीच बघा."

सरांनी डोळा लावला. डोकं वर काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग गुपचूप बाहेर जाऊन पान थुंकलं, चूळ भरली, अन् परत येऊन नवी काडी मागायला लागले.

मी माझी काचपट्टी पुढं सरकवली. "नवी कशाला, सर? हीच बघा. मी चूळ भरूनच आले होते."