आधी थिएटर, मग लिफ्ट

दवाखान्यात माझ्या बाकामागे वायरमन मामा आणि त्यांची भाषांतरकार भाची जनरेटरच्या नव्या पॅनेलवर मराठी चिठ्ठ्या लावत होते.

“ही स्पॅनिश ओळ काय म्हणते गं?”

“वीज गेली की आधी ऑपरेशन थिएटर, मग लिफ्ट.”

“डिक्शनरीत बघितलंस?”

“बघितलं. शिवाय काल ही वायर धरून थिएटरपर्यंत चालत गेले, मामा.”

“दहा वाजता माझी ताई त्या टेबलावर असेल, पोरी.”

“माझी आईच ती! आत्ता थिएटर रिकामं आहे. पाडा मेन स्विच.”

“घाबरत नाहीस?”

“तुम्ही घाबरताय. पाडा!”

माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला. क्षणभरात समोर थिएटरच्या दारावरचा दिवा उजळला, मग लिफ्ट घुमली.

“चिकटव चिठ्ठी. आणि जा, ताईची वेणी घालून दे.”