कोयनेलचा सूर

...अन् वर लोक मला म्हनतात, 'याकोब, तू तिकडं ध्यानच देऊ नको.' आता तुमीच सांगा, ध्यान द्यायला मी जातो का? तेच येतं की! डाव्या कानात येऊन बसलंय, बिनभाड्याचं, अन् सारखं आपलं कीं... कीं... कीं... दिस न्हाई, रात न्हाई. आत्ता बी चालू हाय. तुमाला आयकू येतंय का? न्हाई ना? तेच तर! पाय मोडला तर चार मान्सं बिचारा म्हनतात, खरूज झाली तर निदान लांब तरी बसतात. कान वाजतोय म्हनलं की समोरचा मानूस स्वताचा कान पुढं आनतो, माझ्या कानाला लावतो, अन् म्हनतो, 'मला न्हाई बा आयकू येत.'

तुमाला सांगतो, ह्ये सारं पाटानं केलं. पाटाला पानी आलं, पान्यामागनं ऊस आला, बेलापुराकडं कारखान्याची चिमनी आली, मला पाटावर चाकरी बी आली. पाटकरी हाय मी, दारं उघडायची अन् लावायची. पन पान्याच्या मागनं डास बी आलं, त्यांना कुनी बोलावलं नव्हतं. भादव्यात मला ताप धरला. असा धरला की बाजंसकट हालत हुतो. आमची रेबेका, माझी बायकू, चार गोधड्या टाकायची अन् वर स्वता बसायची, तरी मी हालायचो, बाज हालायची अन् ती बी हालायची. अन् औशीद कुठाय? तिकडं लढाई चाललेली, कंपौंडर म्हनायचा हिवतापाचं सारं कोयनेल पल्टनीला गेलं, तुमी काढा प्या. ही बाई जाऊन कंपौंडरच्या दारात बसली. बोलली न्हाई, रडली न्हाई, नुसती बसली. दुसऱ्या दिशी बी बसली. शेवटी त्यानंच कुठनं तरी कोयनेलच्या पुड्या आनून हातात ठिवल्या अन् म्हनला, 'बाई, ऊठ आता, माझी बायकू काय काय इचारायला लागलीय.' अशी आमची रेबेका. तिच्यापुढं ताप काय टिकतो?

गेला की ताप! पन घरातनं पावना जातो तवा काय तरी इसरून जातो का न्हाई, छत्री न्हाई तर टोपी? तसा हा गेला अन् शिट्टी इसरून गेला. सकाळी पटका बांधत हुतो, शेवटचा पेच दिला, अन् एकदम कीं... सुरू. मला वाटलं चुलीवर काय तरी हाय. म्हनलं, 'रेबेका, आधन उतरव.' ती म्हनली, चूल इझलीय कवाच. म्हनलं, 'मग शेजारच्यांचं उतरव जा.'

मग उपाय. लसनाचं तेल झालं, कांद्याचा रस झाला, एकानं तर कानात धूर सोडला, तो उजव्या कानानं निघतो का म्हनून दुसरा तिकडं बघत बसला. दुकानातला कानिफनाथ वानी म्हनला, कान वाजतो म्हंजे कुनी तरी नाव काढतंय. म्हनलं, रातंदिस? माझं नाव काढायला मी काय व्हाइसराय हाय? मग गेलो नगरला, मोठ्या डाक्टरकडं. त्यानं कानात नळकांडं घातलं, दिवा धरला, लई येळ बघितलं अन् म्हनला, 'कोयनेलनं होतं असं. जाईल.' म्हनलं, 'कदी?' म्हनला, 'जाईल.' म्हनलं, 'अन् न्हाई गेलं तर?' म्हनला, 'तर सवय होईल.' शिकलेला मानूस, पन खोटं न्हाई बोलला. आपल्याला आवडला.

अन् खरं सांगू का, त्या आवाजाचं बी मला मनातनं कौतिकच वाटायला लागलं. मी गानारा मानूस हाय हो. गानाऱ्याला ठावं असतं, एक सूर धरून ऱ्हायाचं म्हंजे काय. छाती भरती, मान ताठती, डोळं बाहीर येतात. अन् ह्यो? श्वासच घेत न्हाई! कातीकापासनं एका सुरावर हाय, इकडं न्हाई का तिकडं न्हाई. तुमाला आयकू येतंय का? न्हाई ना? काय मुकताय तुमी!

तर गान्याचं सांगत हुतो. आमच्या वस्तीवर ख्रिस्ती मंडळीचं देऊळ हाय, कौलारू, वर क्रूस. तिथं दर रैवारी उपासनेत गीत सुरू करायचा मान माझा. मी पैली ओळ उचलायची, मग सारी मंडळी. साथीला पेटी हुती, आमोस मास्तर वाजवायचा. पन पेटीचा भाता उंदरानं खाल्ला, दोन सूर मुकं झालं, अन् तसलं सूर म्हनं इलायतेवरनं येत्यात, लढाईपायी बोटी बंद. दोन वर्सं पेटी नगरात दुरुस्तीला पडून. तवा सगळ्या मंडळीची पट्टी माझ्या गळ्यावर. मी उचलीन तिथनं दीडशे मान्सं गानार. चेष्टा हाय का?

तापातनं उठलो अन् पैल्या रैवारी उभा ऱ्हायलो. रेबेकानं काठी दिल्ती ती भिंतीला लावली, अन् उचललं गीत. अन् मंडळी अशी गायली, अशी गायली, की मला वाटलं कौलं उडत्यात! काय ते चढलेलं आवाज! आधी आमची मंडळी कशी, जेवन करून आल्यावानी गायची. आता एकेकाच्या मानंच्या शिरा फुगलेल्या. मरियामावशी, वय साठीच्या पुढं, तोंडात दात न्हाईत, पन डोळं मिटून असा सूर लावायची की आयकत ऱ्हावं. शलमोन गवंडी, त्याचा आवाज हिरीच्या तळातनं येतो, तो बी टाचा उचलून, चवड्यावर उभा ऱ्हाऊन गात हुता. मी घरी येऊन म्हनलं, 'रेबेका, माझ्या दुखन्यानं मंडळी जागी झाली बग.' ती म्हनली, 'व्हय.' अन् भाकरी थापत बसली.

कानिफनाथ वानी एकदा मला इचारतो, 'काय वो याकोबराव, तुमच्या वस्तीवर खोकल्याची साथ हाय का? माझ्याकडचं सारं ज्येष्ठमध संपलं, बाया पदरात बांधून नेतात.' म्हनलं, असंल, थंडी पडलीय. मला काय ठावं?

अन् नाताळाच्या तोंडावर पेटी आली. नवा भाता, नवं सूर, झाकनाला पालिश. सारी वस्ती बघायला. तालमीला बसलो. आता आमोस मास्तरचं एक हाय, मानूस देवगुनी, पन त्याला वाजवायला एकच पट्टी येती, काळी एक. तिथनं हालला की त्याची बोटं हरवतात. त्यानं काळी एक दाबली, मी गीत उचललं... अन् पेटी कुठंच्या कुठं खाली! मास्तर माझ्याकडं बघतो, मी पेटीकडं बघतो. पुन्हा उचललं. पुन्हा तेच. म्हनलं, 'मास्तर, पेटी उतरलेली हाय. फसवलं तुमाला नगरात.' मास्तर म्हनला, 'व्हय, असंल.' शलमोन म्हनला, 'थंडीनं लाकूड आकसतं.' मरियामावशी म्हनली, 'आपलं बिनपेटीचंच बरं हुतं.' म्हनलं, ते काय न्हाई, उद्याच्या उद्या पेटी परत गाडीवर घाला. दोन वर्सं वाट बघून नाताळाला बेसूर पेटी? माझ्या हयातीत न्हाई. मास्तर बिचारा पेटीला पोतं गुंडाळायला लागला.

घरी आलो अन् तावातावानं बोलत बसलो. रेबेका आयकत हुती. मग म्हनली, 'पेटी बरी हाय.'

म्हनलं, 'काय?'

'पेटी बरी हाय. तुमी वर गाताय. दुखन्यातनं उठल्यापासनं.'

तुमाला सांगतो, मला काय आयकू येतं? मला आपलं कीं आयकू येतं. कुठल्या बी दुसऱ्या सुरावर गेलो की ते आतनं भांडतं, अन् त्याच्या सुराला सूर लावला की बरं वाटतं. मी गेलो त्याच्यामागं चढत, अन् मला ठावं बी न्हाई. म्हनलं, 'अन् मंडळी?' म्हनली, 'मंडळी तुमच्यामागं.'

मग सांगितलं तिनं सारं. त्या पैल्या रैवारी मी उचललं ते इतकं वर की उपासना चालवनाऱ्या पाळकसाहेबांनी पुस्तकातनं मान वर केली. कुनाचं तोंड उघडंना. मी एकटा काठीबिगर उभा, लटलट कापतोय, अन् गातोय. अन् मरियामावशी उठली. तिनं पदर खोचला अन् तिचा बिनदाताचा आवाज न्हेला वर, माझ्यापातूर. मग शलमोननं टाचा उचलल्या. मग सारी. उपासना सुटल्यावर मावशीनं बायांना सांगितलं, 'खाटंवरचा मानूस देवानं उठवून दिला, त्याला खाली ये म्हननारी मी कोन?' मग मंडळीनं काय करावं? मी पाटावर दारं लावायला गेलो की शलमोनच्या अंगनात तालीम! ज्येष्ठमध चघळत, रोज जरा जरा वर! दीडशे मान्सं हो. एकानं चहाडी केली न्हाई. तसं आमच्या वस्तीवर कुनाची कोंबडी कुठं अंडं घालती ते बी लपत न्हाई.

मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला लाज कसली. अन् मग सकाळी उठून मरियामावशीकडं गेलो अन् म्हनलं, 'मावशी, मी आता म्होरं उभा ऱ्हात न्हाई. माझा कान गेला. दुसरा बगा.' मावशी दळत हुती, जात्याचा खुंटा सोडला न्हाई. म्हनली, 'मंग आमी एवढं ज्येष्ठमध खाल्लं ते उगाच व्हय रं?'

पन मी बी ठरीवलं, नाताळाला ह्यांचं गळं फाडायचं न्हाई. मास्तरकडं गेलो, पोतं सोडलं, अन् पेटीच्या लाकडाला उजवा कान टेकून बसलो. मास्तर काळी एक दाबतोय, मी गातोय. डावा कान वर ओढतोय, उजवा खाली. दोन बैलांचं तोंड दोन दिशेला, मधी मी. मास्तरची बोटं दुखली, माझी मान आखडली, पन नाताळाच्या आदल्या दिशी गावलं. लागली काळी एक! मास्तरनं मला मिठी मारली. कुनाला म्हनून सांगितलं न्हाई, म्हनलं उद्या मंडळीला आराम देऊ.

नाताळाचा दिस. देऊळ भरलं, खिडक्या भरल्या, कानिफनाथ वानी बी दारात उभा. मास्तरनं सूर दिला. मी सगळी ताकद लावली, कान आतनं कीं कीं करत भांडतोय, पन सोडलं न्हाई. उचलली पैली ओळ, बराबर पेटीत. असा स्वच्छ लागला की मास्तरच्या डोळ्यांत पानी. अन् मग मंडळीनं सूर लावला...

वर!

सारी! मरियामावशी डोळं मिटून, शलमोन चवड्यावर, पोरं बाळं, बाया, दीडशेच्या दीडशे तिकडं वर, सवयीनं पोचलेली! कातीकापासनं तालीम केलेली मान्सं, त्यांना आता खाली उतरताच येईना! अन् खाली कोन? मी अन् पेटी. मास्तर माझ्याकडं बघतो, मी मास्तरकडं बघतो. एवढ्या मान्सांना आता 'खाली या' कुनी म्हनायचं? अन् कुठल्या तोंडानं?

चढलो मी बी. अन् तुमाला सांगतो, त्या सुरात जाऊन मिळालो तवा पैल्यांदा कानातलं ते आयकू आलं न्हाई. सगळीकडनं तोच सूर, कुठलं माझ्या कानातलं अन् कुठलं मंडळीचं, काय कळंना. गीत संपलं, सारी गप झाली, अन् हे आपलं पुन्हा चालू. करता काय? तवापासनं पट्टी मीच देतो, मंडळी ज्येष्ठमध खाती, अन् दोन वर्सं वाट बघून आनलेल्या त्या पेटीवर आमोस मास्तर कोपर टेकून बसतो.