मथुराबाईंचा गुडघा

न्हाय न्हाय, फोटो पिशवीत घालू नका अजून, राहू द्या टेबलावर. मी पाहिलाय तो. खिडकीशी धरून पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. गुडघा झिजलेला आहे, मी कुठं नाही म्हणतो? आतल्या बाजूला फट राहिलेलीच नाही, कडेला हाड वाढलंय — आमच्या शिवांजलीनं जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे. सगळं आयुष्य खुरपणीत गेलेली बाई, तिचा गुडघा झिजणार नाही तर काय होणार? बेंबळीतली साठीच्या पुढची कुठलीही बाई आणून उभी करा, महारुद्र, तिचा फोटो असाच येईल. माझाही असाच येईल. पण —

हे ‘पण’ फार वाईट असतं हो. सरकारी मेडिकल कॉलेजात पोरांना शिकवताना हे ‘पण’ मीच त्यांच्या डोक्यात घालायचो — निदान झालं की लगेच पेन खाली ठेवू नका, एकदा ‘पण’ म्हणा — आणि आता रिटायर होऊन बसलोय तर तेच माझ्या मानगुटीवर बसलंय. भाजीवाल्याला लंगडताना पाहिलं तरी मनात ‘पण’ येतं. तेव्हा मी चुकत असेन. हे आधीच सांगून ठेवतो, मी चुकत असेन. तुम्ही दाराकडं बघताय — बघा, बघा, जीप थांबलीय, उन्हाच्या आत सोलापूरला पोचायचंय, संध्याकाळी भरती, उद्या सकाळी ऑपरेशन. मला माहितीय. आई पडवीत चहा घेतायत तेवढा वेळ द्या मला. सूनबाई आहेत ना त्यांच्याजवळ? मग झालं तर.

तुम्ही सगळे पाया पडायला आलात. तुमचे वडील, आबाराव, कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जायचे तर आधी इथं यायचे, माझ्या पाया पडायचे, जसं काही मी सोनारीचा भैरोबाच — मला संकोच व्हायचा, पण त्यांच्यामागं तुम्ही ते चालू ठेवलंत, बरं वाटलं. तर तुम्ही वाकलात, तुमची भाग्यश्री वाकली, आणि मथुराबाईंनी उभ्या उभ्याच हात जोडले. मी म्हटलं, ठीक, गुडघा दुखतो. मग त्या वळल्या आणि चपला घालायला लागल्या. आता तुम्ही म्हणाल, चपला घालण्यात काय बघायचंय? गुडघा दुखणारं माणूस पाय जरा पुढं टाकतं, घोटा इकडं तिकडं करतं आणि चपलेत सरकवतं. ह्यांनी अख्खं अंग फिरवलं — बिजागरी गंजलेलं दार फिरावं तसं — आणि मग गुडघ्याच्या वर साडी मुठीत धरून पाय हातानं उचलला आणि चपलेवर नेऊन ठेवला. स्वतःचा पाय. हातानं. जसा काही दुसऱ्या कुणाचा आहे.

म्हणून मी म्हटलं, जरा आत येऊन कॉटवर पडा. तुम्ही ड्रायव्हरशी बोलत होतात. भाग्यश्रीनं चादर धरली. मी गुडघा वाकवला — कुरकुर केली त्यानं, नाही असं नाही, पण बाई गप्प. एवढा झिजलेला गुडघा, उद्या कापायचाय, आणि मी तो दुमडतोय तर चेहऱ्यावर काही नाही! मग पाय सरळ ठेवला आणि लोळवला — पोळपाटावर लाटणं लोळवतात ना, तसा, नुसता इकडं तिकडं. यात गुडघ्याला काहीच होत नाही, गुडघा जसा आहे तसाच राहतो. जे फिरतं ते वर फिरतं, खुब्यात, मांडीचं हाड जिथं कंबरेत बसतं तिथं. आणि त्यांनी कॉटची पट्टी धरली, महारुद्र. बोटं पांढरी झाली. मी विचारलं, कुठं दुखलं? म्हणाल्या, “गुडघ्यात.” नक्की? “गुडघ्यातच की, डॉक्टरसाहेब, दुसरं कुठं दुखंल?” आणि पदर तोंडावर घेतला.

कसं बघताय तुम्ही माझ्याकडं — एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना हे कळलं नसतं का, असंच ना? कळलं असतं. माझी मुलगी म्हणून नाही सांगत, तिचा हात चांगलाय, माझ्यापेक्षा चांगलाय. पण तिनं आईंना तपासलं त्या शिबिराला तुम्ही होतात ना? रांग कुठवर होती? फाटकापर्यंत. एकेक बाई खुर्चीत बसते, साडी चार बोटं वर घेते, गुडघ्यावर बोट ठेवते. फोटोही तसाच बोलतो. पेशंटचं बोट आणि फोटो दोघं एकच साक्ष देतात म्हटल्यावर डॉक्टर तिसरा साक्षीदार कशाला शोधील? मीही नसता शोधला. आता मला दिवसभर काम नाही म्हणून मी चपला बघत बसतो.

फोटो फसवतो हो. कळंबच्या अडतीवर एक हमाल होता, त्याचा गुडघा फोटोत बघवत नव्हता — आणि पठ्ठ्या पोत्यावर पोतं चढवायचा, वरातीत सगळ्यांच्या पुढं नाचायचा. मी त्याला म्हटलं, अरे तुझा गुडघा गेलाय. तर म्हणतो, “कुठं गेलाय? सकाळी तर हुता.” आणि दुसरा एक, साखरेचा पेशंट, त्याचा सांधा आतून पार भुगा झालेला, हात ठेवला की खडीची पिशवी हलवल्यासारखं वाजायचं, आणि दुखायचं काडीचंही नाही — नसाच मेल्या होत्या बिचाऱ्याच्या, दुखणार कशानं? तो आपला मजेत चालायचा आणि सांधा आणखी दळायचा. म्हणजे बघा, फोटो एक सांगतो, पाय दुसरं सांगतो आणि माणूस तिसरंच सांगतो. तिघांतलं खरं कोण, ते शोधायला आम्हाला पगार असतो.

का सांगतं माणूस तिसरंच? तेच तर. खुबा कुठं दुखतो, ठाऊक आहे का? लोकांना वाटतं मागं, कंबरेखाली. नाही. पुढं दुखतो. जांघेत. — बघा! बघा, तुम्ही फरशीकडं बघायला लागलात. मी डॉक्टर, पिकलेला म्हातारा, एक शब्द उच्चारला तर तुम्हाला, बाप्यामाणसाला, कुठं बघावं ते कळेना. मग तुमची आई तो शब्द कुणापुढं काढणार? तुमच्यापुढं? शिबिरातल्या त्या पोरगेल्या डॉक्टरांपुढं, मागं अख्खी रांग कान देऊन उभी असताना? म्हणून गुडघा. गुडघा अब्रूचा आहे. गुडघा चारचौघांत सांगता येतो, सुनेकडून चोळून घेता येतो, पारावर त्याची चौकशी होते. आणि सगळं खोटंही नसतं हो ते — वरच्या सांध्याची नस खालच्या सांध्याकडंही जाते, त्यामुळं वरचं दुखणं खाली खरंच उतरतं, गुडघ्यात खरंच ठणकतं. निम्मं खरं सांगणारं माणूस पकडणं लई अवघड.

हां, बरोबर बोललात — मग सांगा की डॉक्टरीणबाईंना. अहो, दुसरं काही नकोच आहे, उद्या चिरायच्या आधी खुब्याचा एक फोटो काढला की झालं, पाच मिनिटांचं काम. पण ते सांगायचं कुणी? तुम्ही सांगितलंत तर ती म्हणेल तुम्हाला कुणी सांगितलं, आणि तुम्ही म्हणाल अप्पांनी, आणि ती हसेल. चिडणार नाही, हसेल. ते वाईट. मागच्या वर्षी समोरच्या नंदीशची पाठ धरली तर मी म्हटलं, मणक्याचा टीबी. लक्षणं जुळत होती हो! घरात रडारड, त्याची बायको माहेराहून पळत आली, सोलापूरला नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर गिरणीतून दळणाचा डबा उचलताना उसण भरली होती. शिवांजली म्हणाली, “अप्पा, पुस्तकातले आजार रस्त्यावर शोधत फिरू नका.” लाडानंच म्हणाली. तेव्हापासून मी पेशंटबद्दल तिला फोन केलेला नाही. आणि आता करू, आणि हाही दळणाचा डबाच निघाला तर?

राहू द्या म्हणता. काय राहू द्या? अहो, उद्या त्या गुडघ्यात धातू बसेल. मग टाके, मग सूज, मग दोन महिने रडत रडत व्यायाम. आणि एवढं सगळं सोसून त्या उभ्या राहतील, पहिलं पाऊल टाकतील, तर दुखणं होतं तिथंच! आणि त्या ते सांगतील का? नाही सांगणार. शिवांजली येऊन विचारील, काय मथुराबाई, आराम आहे ना? त्या म्हणतील, आहे की, लई आराम आहे. पोरीनं एवढे कष्ट घेतले, तिचं मन कशाला मोडायचं? आणि रात्री उशीत तोंड खुपसून — मला कसं माहीत? माहीत आहे. डॉक्टरला असतं माहीत. — न्हाय, डॉक्टर म्हणून नव्हे. राहू द्या ते.

अहो, माझा पाय बघताय होय? बघा. हा पट्टा शिवांजलीनंच आणलाय. गुडघ्याचा. दिवाळीत आली तेव्हा माझ्या गुडघ्यात इंजेक्शनही दिलं तिनं, इथंच, ह्याच खुर्चीत बसवून, स्वतःच्या हातानं, आणि आठवडाभर रोज फोन — अप्पा, कसं वाटतंय? मी म्हटलं, निम्मं दुखणं गेलं. निम्मं! तिला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आता तर म्हणते, तुमचाही गुडघा उन्हाळ्याच्या आत करून टाकू. आणि मी हो म्हणून बसलोय. मी. ज्यानं पोरांना तीस वर्षं शिकवलं, गुडघा दुखतो म्हणणाऱ्याचा खुबा तपासल्याशिवाय त्याला दाराबाहेर सोडू नका. काय सांगू तिला? माझी लेक आहे ती. लहानपणी तिची वेणी घातलीय मी. तिच्यापुढं पायजम्याची नाडी — नाही होत हो. हिला सांगितलं असतं, ही असती तर हिनंच परस्पर सांगितलं असतं, “शिवू, तुझ्या बापाचं दुखणं भलतीकडं आहे गं.” बायकांना जमतं ते. एकटा राहिलेला बाप्या गुडघा सांगतो.

तर असं आहे. म्हणून ती पट्टीवरची बोटं मी ओळखली. पुस्तकातून नाही ओळखली, महारुद्र. रोज सकाळी चपला घालताना मी असाच लेंगा मुठीत धरतो.

मग फोन करून काय सांगू मी तिला? ती विचारणार, पेशंट काय म्हणते? मी म्हणणार, गुडघा. फोटो काय म्हणतो? गुडघा. मग अप्पा, तुम्ही कशावरून म्हणता? कशावरून, हे सांगितलं तरच ती फोटो काढील. न सांगता नुसतं ‘माझं मन म्हणतंय’ म्हटलं तर ती म्हणेल, बरं अप्पा, बघते हं. आणि मला माझ्या मुलीचं ‘बघते हं’ ठाऊक आहे.

आईंनी कप ठेवला का? आवाज आला कपाचा. उठतील आता. बघा, उठतायत — उजव्या हातानं खांब धरला — न्हाय, तुम्ही नका बघू, मी बघतो. उठल्या कशाबशा. आणि भाग्यश्रीनं विचारल्यावर हसल्या. हसल्या!

द्या तो फोन इकडं. माझाच, उशापाशी आहे. तुम्हीच लावा, ‘शिवू’ नावानं आहे, वरचंच. लागला? द्या.

रिंग जातीय. घेणार नाही, ऑपरेशनला उभी असेल ती, आपण उगाच — हां, शिवू! अगं, मी. न्हाय न्हाय, मी बराय, जेवलो. अगं, ते बेंबळीचे लोक आलेत, निघतायत आता. हो. बीपी चांगलंय त्यांचं. ऐक ना, उद्या त्यांचा गुडघा करायच्या आधी एक खुब्याचा फोटो काढशील का? … न्हाय, त्या गुडघाच म्हणतात. … पाहिला, फोटो पाहिला मी, झिजलाय, मान्य आहे. … हसू नकोस गं. थांब, ठेवू नकोस. बघते नको म्हणूस, शिवू, काढते म्हण. … कशावरून? कशावरून म्हणजे —

महारुद्र, तुम्ही जरा बाहेर, आईंजवळ जाऊन उभे राहता का? जा, जा. आणि ते दार ओढून घ्या. — न्हाय, फट नको. पुरतं ओढा.