फिट्टंफाट

(माल्टाच्या मोठ्या इस्पितळातला लहान मुलांचा वॉर्ड, दुपारची भेटीची वेळ. विनाच्या पाळण्याशेजारी तिची आई मार्तीझ आणि गोझो बेटावरून बोटीने आलेली सासू साल्वीना. साल्वीनाच्या मांडीवर साखरबदामांची परात. लेक रोझानच्या लग्नात वाटायच्या पुरचुंड्या ती बांधते आहे.)

साल्वीना : मी काय म्हणते, लग्न एकदा होऊन जाऊ दे. मग सांग तुला काय सांगायचं ते.

मार्तीझ : लग्न झाल्यावर सांगून काय उपयोग, मा?

साल्वीना : उपयोगाचं सोड. महिनाभर तोंड मिटून बस, एवढंच मागतेय. आणि ती गाठ घट्ट मार. मागच्या लग्नात निम्म्या पुरचुंड्या सुटल्या, चर्चच्या पायऱ्यांवर बदामच बदाम.

मार्तीझ : मागचं लग्न म्हणजे माझं.

साल्वीना : मी कुठं नाव घेतलं?

मार्तीझ : घेतलं नाहीत. मा, मी रोझानला सांगणार. आज ती इथं आलीय, परत कधी एकटी सापडेल कुणास ठाऊक.

साल्वीना : काय सांगणार? डॉक्टर म्हणतात तेच ना? डॉक्टरांचं काय घेऊन बसलीस. विना झाली त्या आठवड्यात हेच लोक म्हणत होते, पोर शू फार करते. ते जुलाब आहेत हे ओळखता आलं नाही शहाण्यांना.

मार्तीझ : तुम्हीही शूच म्हणालात. नंतर म्हणालात, माझं दूध पातळ आहे.

साल्वीना : दिसलं तसं बोलले.

मार्तीझ : मी ते खरं मानलं. रात्रंदिवस मासे, अंडी, सूप, जे समोर येईल ते पोटात ढकललं, दूध दाट व्हावं म्हणून. आणि ती प्यायली की सगळं पाणी होऊन बाहेर. तिच्या आतड्याचं अस्तरच नीट बनलेलं नाही, मा. पोटातलं काही अंगी लागत नाही. छातीतल्या नळीतून थेट रक्तात अन्न सोडतात म्हणून ती आहे.

साल्वीना : माझ्या नवसामुळं आहे.

मार्तीझ : बरं, नवसामुळं. पण हा दोष एकट्या आईकडून आलेला नाही. दोघांकडून यावा लागतो. निम्मा आमच्या घरचा, निम्मा तुमच्या.

साल्वीना : हे तू मला आज सांगतेस?

मार्तीझ : मागच्या महिन्यात स्पिरूनं सांगितलं तुम्हाला. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

साल्वीना : तो माझा मुलगा आहे. त्याला तुझी बाजू घ्यायची सवय लागलीय.

मार्तीझ : तुम्ही बेकरीपासून बँडच्या क्लबपर्यंत सगळ्यांना सांगितलंत, सुनेच्या घराण्यातच कीड आहे.

साल्वीना : लोक विचारतात. काहीतरी सांगावं लागतं.

मार्तीझ : मग मलाही एक सांगा. आमच्या घरात कीड आहे असं मनापासून वाटतं, तर पोटची मुलगी त्याच घरात का देताय? माझ्या सख्ख्या भावाला?

साल्वीना : विस्तिन चांगला मुलगा आहे.

मार्तीझ : तो माझ्याच आईच्या पोटचा आहे.

साल्वीना : पुरचुंड्यांच्या त्या जाळीच्या चकत्या दे इकडं.

मार्तीझ : चकत्या राहू देत. बोला.

साल्वीना : ऐकायचंय ना? ऐक तर. विना आजारी पडली तेव्हा रोझानचं त्या मिठागरवाल्यांच्या मुलाशी जमत आलं होतं. त्याची आई घरी आली, माझ्या हातची कॉफी प्यायली आणि म्हणाली, भावाचं मूल असं निघालंय, उद्या आमच्याकडेही तसलंच झालं तर? कप विसळून होईतो बाई रस्त्यावर. त्यानंतर आणखी एकजण आला, त्यालाही कुणीतरी कानमंत्र दिला. पोरगी चौतिशीची झाली, मार्तीझ. आणि मग तुझी आई म्हणाली, आमचा विस्तिन आहे की. मला वाटलं, देवानंच धाडलं. दोन्ही घरांना एकच डाग. त्यांनी आम्हाला बोलायला नको, आम्ही त्यांना बोलायला नको. फिट्टंफाट.

मार्तीझ : अहो, फिट्टंफाट कसली! साऱ्या बेटावर जे घर टाळायचं, नेमकं तेच हुडकून काढलंत तुम्ही. त्या मिठागरवाल्याच्या घरात हे नसण्याचाच संभव जास्त होता. त्याच्याशी झालं असतं तर पोरं बहुतेक ठणठणीत झाली असती.

साल्वीना : त्याची आई तर उलटंच म्हणाली.

मार्तीझ : त्याच्या आईला काही कळत नव्हतं. तुम्हाला कळत नव्हतं. माझ्या आईलाही नव्हतं. सगळ्या बायकांनी मिळून बरोब्बर चुकीचं जमवलंत.

साल्वीना : मग रोझानमध्येही आहे म्हणतेस?

मार्तीझ : असेलच असं नाही. एका भावंडात असतं, दुसऱ्यात नसतं. रक्त तपासलं की कळेल. इथं खालीच तपासतात.

साल्वीना : आणि निघालं तर? तिला तिसऱ्यांदा कोण सांगणार, तुझं मोडलं म्हणून? तू इथं होतीस, तू पाहिलं नाहीस. मागच्या वेळी ती गच्चीवर जाऊन बसायची, जेवायची नाही, कुणाशी बोलायची नाही. मी हाताला धरून खाली आणायची तिला, लहान मुलीला आणावं तशी. तीही माझं लेकरूच आहे.

मार्तीझ : ठाऊक आहे मला.

साल्वीना : मग विनाच्या डोक्यावर हात ठेव आणि म्हण, सांगणार नाही.

मार्तीझ : हिच्या डोक्यावर हात ठेवून?

साल्वीना : आली ती. गप्प बस. काय गं, कॉफी आणायला एवढा वेळ?

रोझान : लिफ्ट बंद आहे. पण तुमचे आवाज मात्र जिन्यापर्यंत पोचत होते. कशाची शपथ चाललीय?

साल्वीना : बदामांची. पुरचुंडीत पाच घालायचे की सात, त्यावर हिचं आणि माझं वाजलं.

रोझान : मा, बदामांवरून कुणी विनाच्या डोक्यावर हात ठेवत नाही.

मार्तीझ : रोझान, बस जरा.

साल्वीना : मार्तीझ, तुला विनाची आण आहे.

मार्तीझ : तिची आण आहे म्हणूनच सांगते. रोझान, विनाचा दोष दोन्ही घरांतून आलाय. माझ्यात आहे, स्पिरूत आहे. आम्हाला स्वतःला काही होत नाही, पण दोघांकडचा एकत्र आला की मूल असं होतं. तुझ्यातही असू शकतो. लग्नाआधी रक्त तपासून घे.

रोझान : मग हे मला मा का सांगत नव्हती?

साल्वीना : तू परत गच्चीवर जाऊन बसशील म्हणून.

रोझान : आणि विस्तिनचं काय? त्यानंही तपासायला हवं ना?

मार्तीझ : हो.

रोझान : त्याला सांगितलंस?

मार्तीझ : सांगितलं. त्यानं रक्त दिलं. त्याच्यात आहे.

साल्वीना : काय?

रोझान : कधी कळलं त्याला?

मार्तीझ : गेल्या आठवड्यात.

रोझान : रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता. सशाचा रस्सा केला होता मी. दोनदा मागून घेतला. मग मला विचारत होता, बाळाच्या खोलीला कुठला रंग देऊया.

मार्तीझ : मला म्हणाला, तिला सांगू नकोस, ती सोडून जाईल. माझे पाय धरायचे तेवढे बाकी होते. तीन दिवस मी गप्प बसले, रोझान. माझा भाऊ आहे तो. मग मी हिला आंघोळ घालत होते, नळीला पाणी लागू नये म्हणून जीव मुठीत धरून, आणि मला वाटलं, तुलाही हे शिकावं लागेल. तेवढं मला सहन होईना. हिला मी अजून एक घास भरवलेला नाही. चांदीचा चमचा आणलाय तुम्ही बारशाला, तो तसाच डबीत आहे.

साल्वीना : माझ्या टेबलावर जेवला, आणि तोंडातून चकार शब्द नाही. लबाड. तुमचं घराणंच तसलं.

रोझान : मा, तुला तरी कुठं सांगायचं होतं?

साल्वीना : मी आई आहे. माझी गोष्ट वेगळी.

रोझान : तुझी वेगळी, त्याची वेगळी. तुम्ही दोघं माझ्यावर इतकं प्रेम करता की मला काहीच सांगत नाही. रक्त कुठं घेतात, मार्तीझ?

मार्तीझ : तळमजल्यावर. चल, मी येते. मा बसतील हिच्याजवळ.

साल्वीना : रोझान, हॉल घेतलाय, पाद्रीबुवांना सांगून झालंय. निघालं तर काय करणार आहेस?

रोझान : माहीत नाही.

साल्वीना : नाही निघालं तर?

रोझान : तेही माहीत नाही, मा. रक्तात नाही निघालं, तरी रविवारचं जेवण राहीलच. मार्तीझ, एक विचारू? माझी भीड धरू नकोस, खरं सांग.

मार्तीझ : विचार.

रोझान : तुला लग्नाआधी कुणी असं समोर बसवून सांगितलं असतं, तर तू माझ्या भावाशी लग्न केलं असतंस?

मार्तीझ : हळू बोल, रोझान. ती जागी आहे.