बेंबळीतलं चार्जिंग

इलेक्ट्रिक गाडी परवडते का विचारता, तर हे ऐका. लातूरहून बायकोसोबत धाराशिवला येताना बेंबळीजवळ चार्जिंग संपत आलं. गावात ओळखीचं घर एकच, मेव्हण्याचं. वाटणीवरून बायकोचं आणि त्याचं, बहीण-भावाचं बोलणं चार वर्षं बंद.

"पेट्रोलची घेतली असती तर ही वेळ आली नसती," बायको म्हणाली. "मी गाडीतच बसते."

मेव्हण्यानं वायर ओढून दिली. "किती वेळ लागंल, दाजी?"

"दोन तास."

उन्हानं अर्ध्या तासात बायको घरात गेली. दोन तासांनी पाहतो तर चार्जिंग जेमतेम वाढलेलं, भिंतीवरचं बटण बंद. मी मेव्हण्याकडं पाहिलं.

"म्या न्हाय बंद केलं, दाजी."

आतून बायको म्हणाली, "मीच केलंय. पुरणाची डाळ आत्ता शिजायला टाकलीय."